गार न झालेला रोटर

टर्बाइनचा पहिला तास सुचित्रा मराठे वर्गात घेतच नसे. ती सगळ्या पोरांना कँटीनमध्ये नेई आणि गोजराबाईंच्या कुकरभोवती उभं करी. शिट्टी सुरू झाली, की चिमट्यात धरलेलं पत्र्याचं भिरभिरं त्या वाफेसमोर धरायचं. भिरभिरं गरगर फिरे, पोरं हसत, आणि सुचित्रा म्हणे, "झालं. जहाज चालायला लागलं. उरलेलं वर्षभर मी तुम्हाला ह्यातल्या खाचाखोचा सांगणार."

"आनि माजी डाल कच्ची ऱ्हायली, मंग दुपारच्याला त्या खाचाखोचाच खा," गोजराबाई ऐकवत.

महाप्याच्या इंडस्ट्रियल एरियात, आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींमागे ही जहाजाच्या इंजिनियरांना शिकवणारी संस्था. एका बाजूला औषधांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. त्यामुळे वारा कुठून येतो त्यावर त्या दिवशीचा वास ठरायचा. सगळी जमीन एके काळी गावातल्या लोकांची भातशेती. गोजराबाईंच्या सासऱ्यांची खाचरं नेमकी मोठ्या हॉलच्या जागी होती. "आमच्या बांधावर तुमी मशीन उभी केलाव," असं त्या म्हणत. पण त्यात राग नसे, उलट थोडा मालकीचा रुबाबच असे.

त्या हॉलमध्ये खरं टर्बाइन होतं. भंगारात गेलेल्या एका गॅसवाहू जहाजाचं. संस्थेने ते तोडणीच्या यार्डातून उचलून आणलं, वरचं कवच एका बाजूने कापलं आणि आतला रोटर पोरांना दिसेल असं केलं. रोटर म्हणजे जाडजूड पोलादी दंड, त्यावर पात्यांच्या ओळीमागून ओळी. बॉयलरमधली वाफ अरुंद तोंडांतून सुसाट सुटते आणि पात्यांवर आदळते. प्रत्येक ओळ तिच्यातला थोडा जोर काढून घेते आणि पुढच्या ओळीकडे सोडते. रोटर मिनिटाला हजारो फेरे घेतो. जहाजाचा पंखा मात्र पाण्यात सावकाशच फिरायला हवा, नाहीतर नुसता फेस होतो. "एकाला घाई, दुसऱ्याला निवांतपणा. मग मधे दातेरी चाकांचा हा मोठा डबा बसवायचा आणि दोघांचा संसार लावून द्यायचा," सुचित्रा सांगायची. पोरांना हे बरोबर लक्षात राहायचं.

आणि एक नियम ती पहिल्याच आठवड्यात त्यांच्या डोक्यात ठोकून बसवायची. टर्बाइन बंद केलं तरी गरम रोटर उभा ठेवायचा नाही. उभा राहिला की वरची बाजू गरम राहते, खालची आधी निवते, आणि एवढं पोलाद तव्यावरच्या पापडासारखं वळतं. पाती आणि कवच यांच्यात फट असते नखाएवढी. वळलेला रोटर पुन्हा सुरू केला तर पाती घासून जातात, जहाज जागच्या जागी मेलंच म्हणायचं. म्हणून तो पार गार होईपर्यंत छोट्या मोटरने हळूहळू फिरवत राहायचं. मोटरला वीज नसेल तर लोखंडी दांड्याने, हाताने. दांडा ओढायचा, परत आणायचा, पुन्हा ओढायचा. माणूस दमला की दुसऱ्याने यायचं. पण पहिल्याने "सोडू?" विचारायचं आणि दुसऱ्याने दांड्यावर हात ठेवून "धरलं" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. जगातल्या सगळ्या जहाजांवर असंच बोलतात की नाही, देव जाणे. ह्या संस्थेत असंच बोलायचे. प्राचार्य श्यामसुंदर यांनी ते लावून दिलं होतं. त्यांनी वाफेच्या जहाजांवर उभा जन्म काढला होता.

गोजराबाईंचा धनेश ह्याच कँटीनमध्ये लहानाचा मोठा झाला. बाकड्यावर बसून अभ्यास करायचा, कंटाळा आला की हॉलमध्ये जाऊन रोटरची पाती मोजायचा. सुचित्रानेच त्याला ह्या कोर्सला बसवला, मागे लागून वाफ शिकवली. आता वाफेवर चालणारी जहाजं थोडीच उरली आहेत आणि ती जाणणारी माणसं त्याहून थोडी. त्यामुळे त्याला चटकन नोकरी लागली. गॅसवाहू जहाजावर चौथा इंजिनियर. त्या दिवशी गोजराबाईंनी सगळ्या संस्थेला तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं सुकं खाऊ घातलं होतं. सुचित्राच्या पायाला हात लावायला वाकल्या, तर सुचित्रा वयाने लहान, तिची कोण पंचाईत झाली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगायचं, की त्या शुक्रवारी हॉलमध्ये जे झालं ते कोणा भोळ्याभाबड्या माणसांसमोर झालेलं नाही.

शुक्रवारी त्या भागात दुरुस्तीसाठी लाईट घालवतात. पोरांना सुट्टी होती. सुचित्रा सीवूड्सहून आपली नेहमीसारखी आली, बॅग ठेवली आणि बेअरिंगना तेल घालायला हॉलमध्ये गेली. पंखे बंद, त्यामुळे शांतता. पुठ्ठ्याचा ओलसर वास. जाता जाता तिने सवयीने कवचावर तळहात ठेवला.

ते गरम होतं.

पत्र्याच्या छपराखाली वस्तू तापतात, नाही असं नाही. पण हॉल अजून थंड होता, शेजारचं लोखंडी कपाट गार होतं. तिने कापलेल्या भागातून हात घालून रोटरलाच बोट लावलं. वरून चटका बसेल इतका, खालून कोमट. वाफ बंद केल्यावर थोड्या वेळाने जसा असतो, अगदी तसा. आणि ह्या रोटरने कित्येक वर्षांत वाफ पाहिली नव्हती.

आता शहाणं माणूस काय करील? कोणाला तरी हाक मारील. सुचित्राने दांडा धरला. दूध वर आलेलं दिसलं की हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो, तसा तिचा हात गेला. ओढला, परत आणला, ओढला. रोटर जड जड वळू लागला. आपण काय वेड्यासारखं करतोय, असं तिला वाटत होतं, आणि थांबवतही नव्हतं.

गोजराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात फोन, चेहरा कोरा.

"मॅडम, कंपनीचा फोन व्हता. जहाजाच्या इंजिनात आग लागली. सगली वरती आलीत. आमचा धनेश नाय आला."

सुचित्राने मान वर करून पाहिलं. पण हात चालू राहिला. जहाज कुठल्या तरी खडकाळ बेटाजवळ होतं, वीज गेली होती, वारा त्याला किनाऱ्याकडे ढकलत होता. धनेश खाली अडकला होता आणि खाली धुराने काही दिसत नव्हतं. गोजराबाई एवढं सांगून थांबल्या. मग त्यांनी सुचित्राच्या हाताकडे पाहिलं.

"त्यो गरम हाय?"

"हो."

"कवापासून?"

"मी आले तेव्हापासून. का ते माहीत नाही, गोजराबाई."

गोजराबाईंनी फोन कमरेला खोचला. जवळ आल्या. इतकी वर्षं पोरांचं ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ होतं. सुचित्राने विचारायच्या आधीच त्यांनी दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "धरलं."

दोन-चार फेरे झाले नसतील, त्यांचा चेहरा बदलला.

"मॅडम, तिकरून पन कोनतरी वढतोय."

परत येताना दांडा मोकळा यायला हवा. सुचित्राने हात लावून पाहिला. तो मोकळा येत नव्हता. पलीकडून कोणीतरी तो ढकलून देत होतं, दमल्या हाताने, मधेच चुकत, पुन्हा सावरत. पलीकडे भिंत होती. भिंतीवर अग्निशमनाचा तक्ता.

गोजराबाई रडल्या नाहीत. दांड्याशी बोलू लागल्या. "दमलास काय रं? दम नको टाकू. तुजी आय हाय हितं. जोर मी लावतंय, तू नुसता हात ठेव." शाळेतून उशिरा आलेल्या पोराशी बोलावं तसं.

श्यामसुंदर सर फोनाफोनी करून आले, तेव्हा दोघींच्या अंगावरून घाम निथळत होता. ते आधी रागावलेच. "सुचित्रा, ही काय वेळ आहे? पत्रा तापलाय, दुसरं काय?" मग त्यांनी रोटरला वरून हात लावला. खालून लावला. पुन्हा वरून. शर्टाच्या बाह्या वर केल्या, दांड्यावर हात ठेवला.

"सोडू?"

"धरलं."

दुपार झाली. फोन वाजे, कोणीतरी 'अजून काही नाही' म्हणे. तिघं आळीपाळीने ओढत राहिले. सुचित्राच्या तळहाताची साल निघाली. तिला राहून राहून वाटत होतं, ह्या पोराला आपणच वाफ शिकवली, आता त्याला तिथे एकटं सोडायचं नाही. एवढं एकच तिला कळत होतं.

पलीकडचा हात हळूहळू विरळ होत गेला. चार खेपांना एकदा. मग दहांना एकदा.

मग नाहीच.

गोजराबाई मटकन खाली बसल्या. सर फोनला रेंज मिळवायला बाहेर गेलेले. दांडा सुचित्राच्या हातात होता आणि तिची बोटं मिटत नव्हती.

दांडा निसटला.

रोटर उभा राहणार, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

खट्. खट्. खट्.

दांडा चालला होता. पुढे, मागे. संथ, सरावलेल्या चालीने. तिघांपैकी कोणाचीच ती चाल नव्हती. धनेशचीही नव्हती.

दोघी बघत राहिल्या. घाबरायला हवं होतं. पण घाबरायला अंगात काही उरलंच नव्हतं. गोजराबाईंनी बसल्या जागेवरून हात जोडले.

"कोन हाव ते नाय म्हाईत," त्या म्हणाल्या. "पन सोडू नका, बाबा. तुमचं उपकार व्हतील."

उन्हं उतरेपर्यंत दांडा चालला. मग एका फेरीच्या मधेच थांबला. सुचित्राने रोटरला हात लावला, तो बर्फासारखा गार. त्याच वेळी सर धावत आत आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरच सगळं लिहिलेलं होतं.

धनेश जिवंत होता. आग विझली होती, बॉयलर पेटला होता, आणि टर्बाइन पहिल्याच झटक्यात सरळ फिरलं होतं. जहाज किनाऱ्यापासून दूर निघालं होतं. आतली सगळी माणसं वाचली.

श्यामसुंदर सरांनी त्या दिवसाबद्दल पुढे कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॉलमध्ये गेले आणि टर्बाइनला झेंडूचा हार घालून आले. कोणी विचारलं तर म्हणाले, "दसऱ्याला घालतोच की आपण." दसरा लांब होता.

धनेश सुट्टीवर आला तो आधी महाप्याला संस्थेतच आला, मग घरी. वाळला होता, पण हसत होता. सुचित्राच्या पाया पडला. ह्या वेळी तिने पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला रडू कोसळलं. आयुष्यात इतकं मोकळं, इतकं बरं वाटणारं रडू तिला कधी आलं नव्हतं.

चहा घेता घेता त्याने सांगितलं.

"लाईट गेली, धूर झाला, जिना दिसेना. हवेच्या नळाखाली थोडी हवा येत होती, तिथेच दांडा होता. म्हटलं, मरायचंच तर रोटर तरी वाकवायचा नाही. वर सगळे होते ना. मग माझा हात चालेना, तेव्हा आई आली. तिचं बोलणं ऐकलं मी. मॅडम, तुमी आलात. सर पण आले, सरांचा हात कळतो, मधेच थांबून ढकलतात."

सर खिडकीबाहेर पाहत होते.

"आणि मग तो आला," धनेश म्हणाला. "तुमी सगळे दमल्यावर. त्याने सगळं एकट्यानं केलं. मी नुसता बसून होतो. शेवटी म्हटलं, थँक्यू, आता जावा तुमी. तर म्हणाला, कसा जाऊ? 'धरलं' म्हणून मला सोडवायला कोणी आलंच नाही. जहाज तोडलं तरी नाही आलं."

कँटीनच्या ओट्यावर गोजराबाईंनी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"मग मी म्हटलं, मी येईन." धनेश ओशाळवाणं हसला. "जीव वाचवला त्याने, मॅडम. एवढं तर बोलायलाच पायजे ना? शब्द दिलाय."

तो उठला आणि सरळ हॉलकडे निघाला. सुचित्रा मागोमाग धावली. काय म्हणून थांबवावं, हे तिला सुचेना. थांबवावंसं मात्र फार वाटत होतं. रोटर गार होता, दांडा जागच्या जागी. धनेशने हात पुढे केला.

त्याच्या आधी त्याच्या आईचा हात तिथे पोचला.

"तू नको," गोजराबाई म्हणाल्या. "तुजं लगीन ठरवायचंय मना. तुज्यावर उपकार झालं ते माज्यावरच झालं." आणि दांड्याकडे तोंड करून, नवऱ्याच्या जुन्या मित्राशी बोलावं इतक्या आदराने, "दमलाव तुमी. जावा आता घरी. मी धरलंय."

काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही. फक्त हॉलमधली कसली तरी दाटी कमी झाल्यासारखी वाटली, पाहुणे गेल्यावर घरात वाटते तशी. धनेश म्हणाला, "आई, तू पन ना," आणि सगळे हसले.

त्यानंतर सगळं चांगलंच होत गेलं. धनेश वरच्या परीक्षेला पास झाला, पुन्हा जहाजावर गेला, सुखरूप परत आला. मोरा गावची भाविका त्याला सांगून आली, दोघांना एकमेकं पसंत पडली. गोजराबाईंसारखी समाधानी बाई अख्ख्या महाप्यात नव्हती. फक्त त्यांना आता डाव्या हाताने काम करायची सवय लागली. पोळ्या लाटायला दुसरी बाई ठेवली. उजवा हात बहुतेक पदराखालीच असे. सुचित्राने विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं, मॅडम. दुसरं काय नाय." आणि इतक्या छान हसल्या की सुचित्राला पुढे विचारवलं नाही.

हळदीचा दिवस आला. महापे गावात गल्लीभर मांडव, डीजे, बायका एकाच रंगाच्या साड्यांत. वामनशेठ, म्हणजे गोजराबाईंचे यजमान, दारात उभे राहून प्रत्येकाला जेवून जा म्हणत होते. धनेश पाटावर, अंगभर पिवळा. संध्याकाळचं ऊन अजून मांडवाच्या कडेवर होतं. सुचित्राला गोजराबाईंनी आग्रहाने आपल्या शेजारची खुर्ची दिली, मानाची.

एवढ्या गोंगाटात सुचित्राच्या लक्षात आलं. गोजराबाईंचा पदर हलत होता. पुढे, मागे. संथ.

"गोजराबाई?"

"हं."

"तुम्ही कधीपासून..."

"त्या दिसापासून," गोजराबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "झोपले तरी चालूच असतंय. सवय झाली. पोर समोर बसलाय ना हळद लावून, बघा कसा दिसतोय. मंग काय वाटत नाय."

सुचित्राने पदरावरून त्यांचा हात धरला. तो कुकरच्या बुडासारखा तापलेला होता.

"मॅडम, तुमचं उपकार फार हाईत आमच्यावर," गोजराबाई म्हणाल्या. मांडवाकडे पाहिलं. बायका त्यांना बोलावत होत्या, वरमाईने नाचायलाच हवं म्हणून हाका मारत होत्या. त्या जराशा लाजल्या.

"जरा येळ धराल? पोराला हळद लावून येतंय."

सुचित्राने पाटावरच्या धनेशकडे पाहिलं. तिने वाफ शिकवलेला तो पोरगा कोणाच्या तरी चेष्टेवर मान मागे टाकून हसत होता. तिने हात पुढे केला. हवेत, काही नव्हतं तिथे.

"धरलं," ती म्हणाली.

गोजराबाई उठल्या. धनेशच्या गालाला हळद लावली, आणि मग बायकांच्या घोळक्यात शिरून, दोन्ही हात डोक्यावर उंच करून, नाचू लागल्या.